अळंबीचा छापा चक्क हिरवा पडलाय. बीजाणू मोजायचे कसे?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात पावसाची झड लागली आहे आणि आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या अळंब्यांचं रिंगण उगवलंय. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं. शेजारच्या काकू म्हणतात, "आमच्या गावाकडं ह्या खातात, वाया घालवू नकोस." म्हटलं, आधी छापा, म्हणजे टोपीतून पडणाऱ्या बीजाणूंचा (अळंबीच्या सूक्ष्म 'बियां'चा) ठसा, घेऊन बघू. देठ कापून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवली आणि वर पातेलं पालथं घातलं. सकाळी कागदावर टोपीखालच्या पडद्यांच्या रेघा स्वच्छ उमटलेल्या, पण रंग मळकट हिरवा. पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा हे वाचलं होतं. हिरवा कुठून आला?

घरात लेकीचा बी.एस्सी.च्या वेळचा सूक्ष्मदर्शक आहे. ४, १०, ४० आणि १०० अशी चार भिंगं. ४०वर लंबगोल दाणे दिसतात. माझे प्रश्न असे: हे दाणे मोजायचे कसे? १००च्या भिंगाला तेल लागतंच का? आणि बीजाणू बघून अळंबी खायची की नाही हे ठरवता येतं का? काकू रोज जिन्यात अडवून विचारतात.

चहापोहे
पहिल्या दोन प्रश्नांना पास. तिसऱ्यासाठी सुचवतो: सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी वाढा.

लॅबवाली_सांगली
चहापोहे, सेक्रेटरीला कशाला दवाखान्यात धाडता!

शाहूपुरीकर, काकूंना आजच थांबवा. हिरवळीवरचं रिंगण, खवल्यांची टोपी, सरकतं कडं आणि वर हिरवा छापा, इतकं सगळं जुळतंय म्हणजे ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. एवढ्या मोठ्या अळंब्यांत हिरवा छापा देणारी जवळजवळ हीच एक. उष्ण हवेच्या देशांत सगळीकडे लॉनवर येते आणि सगळीकडे लोक ती हौसेनं खातात. मग एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून येणं. सहसा जिवावर बेतत नाही, पण म्हाताऱ्या माणसाचं आणि लहान मुलाचं अंगातलं पाणी जाऊन हाल होतात. ही कोवळी असताना पडदे पांढरेशुभ्र असतात, हिरवी झाक उशिरा येते. त्यामुळे पडद्यांच्या रंगावर जाऊ नका, छाप्यावर जा.

आता मोजमाप. दोन पट्ट्या लागतात. एक आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगात, बसणारी काचेची चकती, तिच्यावर नुसत्या रेघा असतात, एकक नसतं. दुसरी म्हणजे स्टेज मायक्रोमीटर: स्लाइडवर १ मिलिमीटरचे १०० भाग कोरलेले, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. दोन्ही रेघा एकमेकींवर आणायच्या आणि आयपीसचा एक भाग किती मायक्रॉनचा पडतो ते काढायचं. प्रत्येक भिंगासाठी वेगळं. साधारणपणे ४०ला अडीच मायक्रॉन आणि १००ला एक येतो, पण आपल्या यंत्राचं आपणच काढलेलं बरं. स्टेज मायक्रोमीटर विकत घेऊ नका. कुठल्याही कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो, तासाभरापुरता मागून आणा.

बीजाणू छाप्यावरचेच मोजा. पडदा खरवडून घेतला तर पिकलेले-न पिकलेले सगळे एकत्र येतात आणि आकडे खाली घसरतात. वीस-तीस तरी मोजा, आणि आडवे पडलेलेच निवडा. एका टोकाला बारीकसं टोक दिसेल, तिथून तो बीजाणू दांडीला चिकटलेला असतो. ते टोक लांबीत धरायचं नाही.

हळदवाला
तेलाचं काय? खोबरेल चालेल का? आमच्या सांगलीत शेंगदाण्याचंही मिळतं, घाण्याचं, एकदम शुद्ध. 😀

निवृत्त_भौतिक
हळदवाले, ते भाकरीबरोबरच बरं लागेल.

१००च्या भिंगाला तेल लागतंच. कव्हरस्लिपमधून, म्हणजे नमुन्यावर ठेवलेल्या पातळ काचेतून, तिरपा निघालेला प्रकाश हवेत शिरताना इतका वाकतो, की भिंगात न शिरता बाहेर जातो. मधल्या जागेत काचेसारखंच काही भरलं तर तो सरळ पुढे जातो. काचेचा अपवर्तनांक १.५२च्या आसपास, इमर्शन तेलाचा १.५१५. खोबरेलाचा १.४५, एरंडेलाचा १.४८. म्हणजे एरंडेल थोडं जवळ जातं, पण पुसताना रडवतं. पूर्वी देवदाराचं तेल वापरायचे. ते सुकलं की भिंगावर लुकण होऊन बसायचं. आता कृत्रिम तेलाची छोटी बाटली मिळते, आयुष्यभर पुरते. काम झालं की भिंग लगेच पुसायचं, भिंगांच्याच कागदानं. बनियननं नाही.

आणखी एक. साध्या प्रकाशात ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, यंत्र कितीही महाग असो. तेव्हा खोक्यावर '२००० पट' छापलेली खेळणी घेऊ नका. बीजाणूची लांबी-रुंदी ४०वरही कळते. तेल हवं ते त्याच्यावरचे काटे, खवले, भिंतीची जाडी आणि टोकाचं छिद्र बघायला.

पाटणकर_७२
लॅबवाल्या ताई, तुमचं सगळं खरं असेल. पण आमच्याकडे पाटण खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या अळंबी खातात आणि कुणाकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. मृगाच्या पावसात विजा कडाडल्या की आजी सांगायची, आता वारुळावर अळंबी फुटणार. दुसऱ्या दिवशी टोपली भरून यायची. शहरातल्या लोकांना सगळ्यात विष दिसतं. उद्या करवंदं खायलाही स्लाइड लागेल.

लॅबवाली_सांगली
काका, तुमच्या आजींशी माझं काहीच भांडण नाही. त्यांना जागा ठाऊक होती, हंगाम ठाऊक होता आणि त्या नेमकी एकच जात खुडत होत्या. वारुळावरची ती टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीचा मळा लावते आणि पावसाळ्यात त्या मळ्यातून छत्री वर येते. उकरत गेलात तर देठ मुळासारखा खाली खाली जातो, थेट वाळवीच्या घरापर्यंत. तिचा छापा गुलाबीसर पडतो. बीजाणू गुळगुळीत, साधारण ६ ते ८ मायक्रॉन लांब, आयोडीन टाकलं तरी रंग बदलत नाहीत.

शाहूपुरीकरांच्या सोसायटीत वारूळ आहे का? देठ मुळासारखा खोल गेलाय का? काकूंचं गावाकडचं ज्ञान गावाकडच्या जागेसाठी खरं आहे. ते एसटीत बसून साताऱ्याच्या लॉनवर आलं की घोटाळा होतो.

पाटणकर_७२
हे मात्र पटलं. वारूळ नसेल तर आजीनंही हात लावला नसता. विजेचं तुम्ही खोडलं नाहीत, त्याबद्दल आभार. 🙂

लॅबवाली_सांगली
विजेचं नंतर बघू! पण दोन गोष्टी आत्ताच खोडते, कारण त्यांनी माणसं मेली आहेत. अळंबीबरोबर शिजवलेली चांदी किंवा लसूण काळा पडला नाही म्हणजे अळंबी चांगली, हे खोटं. किड्यांनी खाल्लेली असेल तर आपणही खावी, हेही खोटं. अमानिटाच्या विषारी जातींचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा तासांहून जास्त वेळ काही होत नाही, मग जुलाब-उलट्या, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तोवर आत यकृत संपत आलेलं असतं. त्या अमानिटाचा छापा पांढरा पडतो, आणि खाण्याच्या कितीतरी अळंब्यांचाही पांढराच. म्हणून शाहूपुरीकर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बीजाणू 'ही ती नव्हे' एवढं ठामपणे सांगतात. 'खा' असं कधीच सांगत नाहीत.

मेढ्याचा_पाऊस
जावळीकरांचा सल्ला: बुरशी स्लाइडवर बघायला निघालात, पण पावसाळ्यात ती भिंगावरच उगवते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही भूर येते, तिथं भिंगाचं काय. आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काच खाऊन टाकतात. मग पुसूनही डाग जात नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करा, परत निळं होतं. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. चामडी पेटीत तर यंत्र अजिबात ठेवू नका.

चहापोहे
म्हणजे यंत्र न वापरता नुसतं ठेवलं तरी चालेल. नमुना आपणहून येतो.

तासगावचा_द्राक्षवाला
आमी द्राक्षवाले हे यंत्र निराळ्या कामाला वापरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की पानाच्या खाली पांढरी लव येते, तो दावण्या रोग. चिकटपट्टी लावून ओढायची, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठिवायची, १०वर बघायचं. झाडासारख्या फांद्या दिसतात आन् त्यांच्या टोकाला लिंबाच्या आकाराचे बी. वरच्या बाजूला पीठ भुरभुरल्यावानी असंल तर ती भुरी, तिचे बी माळंवानी एकाखाली एक. दोघांची औषधं येगळी. नुसत्या डोळ्यानं चुकलं की हजारो रुपये पाण्यात. माझा भाचा बी.एस्सी. ॲग्री हाय, त्यानं शिकिवलं. पर बुरशीचं कायबी असू दे, सकाळी दव हाय तवर बघायचं.

निवृत्त_भौतिक
वा, चिकटपट्टीची युक्ती आवडली. एक बारीक दुरुस्ती: दावण्या ही खरी बुरशी नाही म्हणतात. तिची पेशीभिंत सेल्युलोजची असते, ती शेवाळांच्या गोतावळ्यातली. भुरी मात्र खरी बुरशी.

तासगावचा_द्राक्षवाला
सर, खरी आसू दे न्हायतर खोटी, औषधाचं बिल खरंच येतंय.

वाईचे_सर
शाळेसाठी विचारतो. कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला, त्याने बीजाणू दिसतील का? आमच्याकडे काही आहेत.

निवृत्त_भौतिक
दिसतील, पण ठिपके म्हणून. त्याची वाढ १४० पट आणि सुमारे दोन मायक्रॉनपर्यंतचं तपशीलवार दिसतं. आठ-दहा मायक्रॉनचा बीजाणू लंबगोल आहे की गोल एवढं कळेल, काटे कळणार नाहीत. मुलांना उसाची चाबूक काणी दाखवा. शेंड्यातून निघालेल्या काळ्या चाबकाला बोट लावलं की काजळी येते, ती सगळी बीजाणूंची. तुमच्या भागात उसाच्या फडात सहज मिळेल. फक्त तो चाबूक पिशवीत घालून शेताबाहेर आणा, नाहीतर शेजारचा फड लागायचा.

धिंगरीवाला_कराड
एक गोष्ट कुणी बोललं नाही. आम्ही शेडमध्ये धिंगरी अळंबी लावतो, गव्हाच्या काडावर आणि सोयाबीनच्या भुसकटावर. टोपी पसरट होऊन कडा वर वळल्या की रात्रीत पांढरी धूळ पडते, पिशव्यांवर, जमिनीवर, दोरीवर. ते सगळे बीजाणू. सुरुवातीला आम्ही कौतुकाने बघायचो. मग आमच्या कामवाल्या मावशींना खोकला, धाप, संध्याकाळी ताप. डॉक्टरांनी फुप्फुसाची ॲलर्जी सांगितली. तेव्हापासून टोपी पसरायच्या आधीच काढणी करतो आणि शेडमध्ये मास्क लावूनच जातो. कुणी घरात छापे घेत असाल तर दम्याच्या माणसापासून लांब.

सूक्ष्मदर्शकाखाली धिंगरीचे बीजाणू दंडगोल दिसतात, ७ ते ११ मायक्रॉन लांब आणि ३-४ रुंद. एकदा बघितले की क्लोरोफायलमशी गल्लत होणार नाही.

शाहूपुरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंना सांगितलं, त्यांनी तोंड वाकडं केलं. स्टेज मायक्रोमीटर एका ओळखीच्या प्राध्यापिकांनी दिला. निकाल: लांबी ९ ते ११ मायक्रॉन, रुंदी साडेसहा ते ८. भिंत जाड, दुहेरी रेघेसारखी. एक टोक गोल नाही, सुरीने सपाट कापल्यासारखं आहे आणि तिथे छिद्रासारखं काही दिसतं. आयोडीन टाकलं की तांबूस होतात का तेही बघायचंय. मेडिकलमधलं जखमेचं आयोडीन चालेल का?

लॅबवाली_सांगली
आकडे चोख बसतात! सपाट टोक, जाड भिंत आणि अंकुराचं छिद्र हे क्लोरोफायलमचं ठसठशीत लक्षण.

जखमेचं नको. त्यातलं आयोडीन एका पॉलिमरला बांधलेलं असतं, हळूहळू सुटतं, त्यावरून काही ठरवू नये. अळंबीवाले मेल्झरचं द्रावण वापरतात: आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड, पाणी आणि भरपूर क्लोरल हायड्रेट. क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध, ते सहज मिळत नाही आणि मिळवायला जाऊही नका. आमच्या लॅबमध्ये ग्रॅम स्टेनिंगचं, म्हणजे जिवाणू रंगवून बघायचं, आयोडीन असतं. त्यावर रुसुलासारख्या जातींच्या बीजाणूंचे काटे निळे-काळे होतात, ते झकास दिसतं. पण तुम्हाला हवी ती तांबूस प्रतिक्रिया नुसत्या आयोडीनवर भरवशाची नाही. ती नाही आली तर निराश होऊ नका, आकार आणि छापा पुरेसे आहेत.

तिरकस_सज्जनगड
इतक्या मोजमापात एक साधी गोष्ट राहिली. हे दाणे टोपीतून सुटतात कसे? छाप्यात रेघा इतक्या स्वच्छ कशा येतात? नुसते गळतात म्हणावं तर पडद्याला चिकटायला नकोत?

निवृत्त_भौतिक
हा प्रश्न मला आवडतो. ते गळत नाहीत, उडवले जातात. लॅबवाल्या ताईंनी बीजाणूचं जे टोक सांगितलं, तिथे हवेतल्या बाष्पाचा सूक्ष्म थेंब जमतो. शेजारीच बीजाणूच्या अंगावर पाण्याची पातळ फिल्म असते. थेंब वाढत जाऊन फिल्मला टेकला की क्षणात तिच्यात मिसळतो, वस्तुमान एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं आणि बीजाणू दांडीवरून झटक्यात सुटतो. कॅनडात काम केलेल्या बुलर यांच्या नावाने त्याला बुलरचा थेंब म्हणतात. सुटतानाचा वेग-बदल गुरुत्वाच्या हजारो पट, पण बीजाणू इतका हलका की हवा त्याला मिलिमीटरच्या आतच अडवते. म्हणजे तो समोरच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही, मधल्या फटीत थांबतो आणि सरळ खाली उतरतो. म्हणून रेघा स्वच्छ. आणि म्हणूनच हवेत ओल हवी. छापा घेताना वर पातेलं घालतात ते वारा अडवायला आणि ओल राखायला.

तिरकस_सज्जनगड
आवडलं. सज्जनगडाच्या पायऱ्या मलाही थेंब देऊन कुणी चढवेल का?

हौशी_वनस्पती
इतिहासाची भर. बीजाणूंपासून बुरशी उगवते हे दाखवणारे फ्लॉरेन्सचे मिकेली. १७२९मध्ये त्यांनी खरबुजाच्या कापलेल्या फोडींवर बीजाणू पेरले आणि ज्या बुरशीचे पेरले तीच उगवली. तोवर ती कुजण्यातून आपोआप होते असंच बहुतेक मानत. पाटणकर काका, वीज तेव्हाही लोकांच्या तोंडी होतीच.

बाकी, कासला जाऊन छापे घेऊ म्हणणारे निघतील, त्यांना आधीच सांगते. ते पठार २०१२पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं काहीही खुडायचं नाही. कोयना-चांदोलीतही नाही. फोटो काढा. छापे सोसायटीच्या लॉनवरचेच बरे.

आटपाडीकर
माणदेशात कुठलं लॉन अन् कुठला पाऊस. पर आमच्याकडं वारुळावर एक येती, बंद छत्रीवानी उभी. पांढरी, खरबरीत. उघडतच न्हाय. फोडली की आत काळी पूड. ह्ये काय आसतंय? छापा घ्यायला पालथी घातली तर कायच पडलं न्हाय.

लॅबवाली_सांगली
अरे वा, पोडॅक्सिस! कोरड्या मुलखातली, वारुळाच्या संगतीनं येणारी. ती टोपी उघडून बीजाणू उडवत नाही, आतच पिकवते आणि टोपी फाटून पूड वाऱ्यावर जाते. म्हणून छापा पडत नाही. टोचणीच्या टोकावर पूड घेऊन पाण्याच्या थेंबात टाका. बीजाणू मोठे, जाड भिंतीचे, गडद, टोकाला छिद्र. कव्हरस्लिप तिरकी ठेवून हळू सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत. जाड काळ्या कडेचं एकदम वाटोळं काही दिसलं तर तो बुडबुडा समजायचा.

हौशी_वनस्पती
ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी ही पूड पांढरे केस काळे करायला वापरत.

चहापोहे
आटपाडीकर, पत्ता खासगी निरोपानं पाठवा. गंभीरपणे.

शाहूपुरीकर
आटपाडीकर, मलाही एक नमुना हवाय. एसटीच्या पार्सलनं पाठवाल का? आधी उन्हात खडखडीत वाळवा आणि कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत साताऱ्याला येईपर्यंत सडेल. पाकिटावर गाव, तारीख, वारुळावर की शेजारी, आणि काढली तेव्हाचा रंग लिहा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे नमुना दाखवायचा तर ह्या नोंदी लागतातच, नाहीतर ती नुसती वाळकी काडी.

काकू म्हणाल्या, एवढं सगळं करण्यापेक्षा बाजारातून बटण मशरूम आण. उद्या आणतो. त्याचा छापा चॉकलेटी पडतो ना?

धिंगरीवाला_कराड
हो, गडद चॉकलेटी. पण पाकिटातली बंद असतात, टोपीखालचं पातळ आवरण फाटलेली मोठी निवडून घ्या. आणि छाप्यापुरतं एकच ठेवा, बाकीची काकूंना द्या.